शहाळं सध्या नको

अगं, चिनूची केमो सोमवारी सुरू होणार म्हटल्यावर केस, उलट्या, बुडणारी शाळा हेच तुझ्या डोक्यात फिरत असणार. ते निभावेल. पहिल्या आठवड्यात डोळ्यांत तेल घालून जपायची ती त्याची किडनी. कॅन्सरच्या वॉर्डात नर्स म्हणून इतकी वर्षं काढल्यावर हे मी नाही सांगायचं तर कोणी?

तिला धोका युरिक ॲसिडचा. ते म्हटलं की तुला बाबांचा सुजलेला अंगठा आठवेल. बाबांचं दुखणं वर्षानुवर्षांचं. चिनूच्या बाबतीत सगळा हिशेब तासांचा आहे. ल्युकेमियाच्या पेशींनी त्याचं रक्त भरलंय. औषध लागू पडलं की त्या भराभर फुटतात आणि त्यांच्यातल्या डीएनएमधल्या प्युरीनचं शेवटी युरिक ॲसिड होतं. बहुतेक सस्तन प्राण्यांकडे ते पुढे मोडणारं एन्झाइम असतं, माणसाकडे नाही. सगळा भार किडनीवर येतो. एरवी सातच्या आत राहणारा रक्तातला आकडा अशा वेळी पंधराच्याही वर जाऊ शकतो. लघवी आम्लधर्मी असली की युरिक ॲसिड तिच्यात फारच कमी विरघळतं. किडनीच्या बारीक नळ्यांच्या शेवटाला लघवी घट्ट होते, तिथेच त्याचे खडे धरतात आणि मोरीच्या जाळीत केस अडकावेत तशा नळ्या तुंबतात. लघवी घटते, क्रिएटिनिन चढतं. पुष्कळदा पोराला काही दुखतसुद्धा नाही, म्हणून मला त्याची जास्त धास्ती वाटते.

डॉक्टर याला ट्यूमर लायसिस म्हणतील. बहुधा पहिल्या 12 ते 72 तासांत होतं. औषध काम करतंय म्हणूनच हा धोका येतो, तेव्हा घाबरून केमो थांबवा म्हणू नकोस.

त्याला दिवसाला 2 ते 3 लिटर सलाईन लावतील. ‘एवढ्याशा पोराला एवढं पाणी?’ असं घरचे म्हणतील, तू ठाम राहा. तेवढी धार वाहती राहिली तरच खडे धरत नाहीत. त्याच्या अंगलटीच्या मुलाला तासाला सुमारे 100 मिली लघवी व्हावी, अशी अपेक्षा असते. प्रत्येक वेळची मापाच्या भांड्यात घे, वेळ आणि आकडा लिही, रात्रीचीसुद्धा. झोपमोड नको म्हणून एकही वेळ चुकवू नकोस. आकडा घसरला, पापण्या सुजल्या, धाप लागली, हातपाय वळायला लागले, तर राउंडची वाट न बघता सिस्टरला हाक मार.

आणि भेटायला येणारा प्रत्येक जण शहाळं घेऊन येईल. ते चिनूला देऊ नकोस. फुटलेल्या पेशींतून पोटॅशियमही बाहेर पडतं, ते चढलं की हृदयाचे ठोके बिघडतात. शहाळ्यात, केळ्यात पोटॅशियमच भरलेलं. डॉक्टर हो म्हणेपर्यंत थांब. मनाने खायचा सोडाही देऊ नकोस. पूर्वी लघवीचा आम्लपणा घालवायला सोड्याचं इंजेक्शन सर्रास देत, पण त्याने कॅल्शियम आणि फॉस्फेटचे खडे धरू शकतात, म्हणून आता सरसकट देत नाहीत. ताप आला तर आयब्युप्रोफेनला हात लावू नकोस, आधी कळव.

ॲलोप्युरिनॉलची गोळी केमोच्या आधीच सुरू होते, कारण ती नवं युरिक ॲसिड बनू देत नाही, साठलेलं मात्र काढत नाही. गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांच्या प्रयोगशाळेतली ही गोळी. दोघांना 1988 साली नोबेल मिळालं. चिनूला पुढे लागणारं मर्कॅप्टोप्युरीनही त्यांचंच. ही दोन्ही एकत्र आली तर मर्कॅप्टोप्युरीनचा डोस कमी करावा लागतो, तेव्हा दोन्ही चिठ्ठ्या डॉक्टरांपुढे ठेव. अंगावर पुरळ उठलं तर लगेच सांग.

युरिक ॲसिड आधीच खूप असेल तर रॅसब्युरिकेज देतील. आपल्याकडे नसलेल्या एन्झाइमचं काम ते करतं. त्याआधी जी-सिक्स-पीडीची तपासणी झाली का, हे विचार. त्याची कमतरता असेल तर त्या औषधाने तांबड्या पेशी फुटतात. नंतरचं रक्त बर्फातून लॅबला जातं, नाहीतर औषध नळीतही काम करत राहतं आणि आकडा खोटाच कमी येतो.

इतकं करूनही डायलिसिस लागलं, तर ते कायमचं असं धरून बसू नकोस. वेळेवर केलं तर बहुतेक मुलांची किडनी पुन्हा कामाला लागते.