‘सेक्स’ आणि ‘लिंग’ : एका प्रतिशब्दाची मर्यादा

इंग्रजीतील ‘सेक्स’ या शब्दाला मराठीत ‘लिंग’ हा प्रतिशब्द रूढ आहे. शरीरशास्त्र, कायदा, जनगणना आणि साहित्यसमीक्षा या सर्व क्षेत्रांत तो निःशंकपणे वापरला जातो. तथापि हे दोन शब्द मुळात दोन भिन्न कल्पनांतून घडलेले आहेत. ही भिन्नता ध्यानात न घेतल्यास इंग्रजी ग्रंथांच्या वाचनात आणि अनुवादात कोणते अर्थ निसटतात, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१. इंग्रजी शब्दाचा अर्थविस्तार

‘सेक्स’ हा शब्द लॅटिन ‘सेक्सुस’ या शब्दावरून आला. ‘कापणे’ या अर्थाच्या लॅटिन धातूशी त्याचा संबंध जोडण्याची परंपरा आहे; परंतु ती व्युत्पत्ती सिद्ध झालेली नाही. चौदाव्या शतकाच्या अखेरीस, विक्लिफच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बायबलच्या इंग्रजी भाषांतरात, नोहाच्या तारवात घ्यावयाच्या नर-मादी प्राण्यांच्या संदर्भात तो आढळतो. येथे त्याचा अर्थ ‘जीवांचे दोन वर्ग’ असा आहे. पुढील शतकांत हाच वर्गवाचक अर्थ प्रबळ राहिला. अठराव्या शतकात तर निश्चित उपपद लावून हा शब्द एकटा वापरला, की त्यातून ‘समस्त स्त्रिया’ एवढाच अर्थ निघे. मेरी वुलस्टनक्राफ्टचा १७९२ चा स्त्रियांच्या हक्कांविषयीचा ग्रंथ वाचताना हे ठाऊक असणे अगत्याचे आहे. १८१७ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या जेन ऑस्टिनच्या ‘पर्स्वेशन’ या कादंबरीत नायिका आपल्या ‘सेक्स’च्या वतीने निष्ठेविषयी बोलते, तेव्हा ती शरीराविषयी बोलत नसून स्त्रियांच्या वर्गाची बाजू मांडत असते. ‘समागम’ हा आज प्रथम डोळ्यांपुढे येणारा अर्थ विसाव्या शतकात रूढ झाला. तो जुन्या वाक्यांत वाचणे हा कालविपर्यास होय.

२. ‘लिंग’ शब्दाची घडण

याउलट ‘लिंग’ या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ ‘चिन्ह’, ‘खूण’ असा आहे. न्यायशास्त्रात धुरावरून अग्नीचे अनुमान करताना धूर हे ‘लिंग’ ठरते. शिवाचे प्रतीक, पुरुषाचे जननेंद्रिय आणि व्याकरणातील पुल्लिंगादी भेद हे सर्व अर्थ याच शब्दाने वाहिले आहेत. शारीरिक चिन्हांवरून शब्दाचे लिंग ठरविता येईल काय, हा प्रश्न पतंजलीने महाभाष्यात उपस्थित केला. खाट किंवा वृक्ष यांना अशी चिन्हे नसताही त्या शब्दांना लिंग असते, ही अडचण त्याने दाखविली. म्हणजे शरीराचे लिंग आणि शब्दाचे लिंग एक नव्हेत, हा विवेक भारतीय व्याकरणपरंपरेत प्राचीन आहे. मराठीत तर ‘मूल’ हा शब्दच नपुंसकलिंगी आहे. त्यावरून त्या मुलाच्या देहाविषयी कोणी काही अनुमान करीत नाही.

सारांश, ‘सेक्स’ वर्ग सांगतो, तर ‘लिंग’ खूण सांगते. गर्भलिंगनिदानाला आळा घालणाऱ्या महाराष्ट्राच्या १९८८ च्या आणि केंद्राच्या १९९४ च्या कायद्यांसंबंधी लिहिताना ‘लिंग’ हा शब्द अचूक बसतो. कारण तेथे खूण पाहण्याचाच प्रश्न आहे. जेथे वर्गाचा प्रश्न येतो, तेथे मात्र मराठी भाषकाच्या तोंडी निराळाच शब्द येतो, तो म्हणजे ‘जात’. ‘स्त्रीजात’, ‘बाईची जात’ हे प्रयोग ऑस्टिनच्या नायिकेच्या ‘सेक्स’ला ‘लिंग’पेक्षा कितीतरी जवळचे आहेत. जन्माने लाभणारे आणि बदलता न येणारे स्थान असा जो अर्थ ‘जात’ या शब्दात आहे, तो येथे आगंतुक नाही.

३. अनुवादातील साक्ष

सिमोन द बोव्हार यांच्या १९४९ च्या फ्रेंच ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर १९५३ मध्ये ‘द सेकंड सेक्स’ या नावाने निघाले. ‘दुसरा’ हे क्रमवाचक विशेषण वर्गाला लागू शकते, खुणेला नाही. म्हणूनच ‘दुसरे लिंग’ हे शीर्षक मराठीत निरर्थक वाटते. प्रभा खेतान यांनी हिंदी अनुवादासाठी ‘स्त्री उपेक्षिता’ असे स्वतंत्र नाव योजले, तर करुणा गोखले यांच्या मराठी अनुवादात इंग्रजी शीर्षकच कायम राहिले. उलट दिशेचे उदाहरणही उद्बोधक आहे. ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये दोन्ही वर्गांची तुलना मांडली ती ‘स्त्रीपुरुषतुलना’ या सामासिक नावाने. त्यांना जातिवाचक तिसऱ्या शब्दाची गरज भासली नाही. रोझलिंड ओहॅन्लन यांनीही १९९४ च्या इंग्रजी भाषांतरात शीर्षकासाठी ‘सेक्स’ न योजता स्त्रिया आणि पुरुष यांचाच उल्लेख केला.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘जेंडर’ हा मुळात व्याकरणातील शब्द इंग्रजीने सामाजिक अर्थाने वापरण्यास आरंभ केला. जॉन मनी यांचे १९५५ चे लेखन आणि अ‍ॅन ओकली यांचे १९७२ चे पुस्तक हे त्यातील महत्त्वाचे टप्पे होत. आधुनिक इंग्रजीत नामांना व्याकरणिक लिंग जवळजवळ उरले नसल्याने तो शब्द या कामासाठी मोकळा होता. मराठीत ‘लिंग’ व्याकरणात गुंतलेले असल्याने ‘लिंगभाव’ असा नवा शब्द घडवावा लागला. मात्र त्यानंतर ‘सेक्स’ म्हणजे केवळ देह आणि ‘लिंगभाव’ म्हणजे समाज, अशी सोपी वाटणी अभ्यासक जुन्या ग्रंथांवरही लादू लागले. वुलस्टनक्राफ्टच्या ‘सेक्स’मध्ये देह आणि सामाजिक स्थान अजून वेगळे झालेले नाहीत.

४. कायद्याची भाषा

हा वाद केवळ कोशकारांचा नाही. भारतीय राज्यघटनेच्या १५ व्या अनुच्छेदात भेदभावाला मनाई करताना इंग्रजी पाठात ‘सेक्स’ आणि मराठी पाठात ‘लिंग’ हा शब्द आहे. २०१४ मध्ये तृतीयपंथीयांच्या हक्कांविषयी निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने या शब्दात लिंगभाव-ओळखीचाही अंतर्भाव होतो, असे मानले. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये तेथील २०१० च्या समता कायद्यातील त्याच शब्दाचा अर्थ जैविक ‘सेक्स’ असा लावला. शब्द एक, परंतु त्याच्या अर्थावर माणसांचे हक्क अवलंबून आहेत.

तात्पर्य, ‘सेक्स’ला सर्वत्र चालेल असा एकच मराठी प्रतिशब्द शोधणे व्यर्थ आहे. संदर्भ खुणेचा असेल तेथे ‘लिंग’, वर्गाचा असेल तेथे ‘स्त्रीजात’, ‘पुरुषजात’ किंवा ‘स्त्रीपुरुष’, आणि क्रियेचा असेल तेथे ‘समागम’ असा विवेक अनुवादकाने व अध्यापकाने करावा. तसे न केल्यास स्त्रियांच्या सामाजिक स्थानाविषयीचे विधान मराठीत त्यांच्या देहाविषयीचे विधान होऊन बसते. आणि ज्या समजुतीविरुद्ध मूळ लेखिकेने लेखणी उचलली, तीच समजूत अनुवादात परत येते.