फिट आली की चप्पल नको, गोळी हवी

वस्तीत कुणाला फिट आली की आजही कुणी चप्पल हुंगवतो, कुणी कांदा फोडतो, कुणी मुठीत चाव्या कोंबतो. झटका बहुधा दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतो आणि श्रेय चपलेला जाते. पुढच्या वेळी देवऋषी येतो. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरांतही आम्ही हे पाहिले आहे. म्हणून या वेळी एका डॉक्टरांच्या कामाची ओळख करून घेऊ.

डॉ. के. एस. मणी हे बंगळूरचे मेंदूविकारतज्ज्ञ. फेफरे हा त्यांच्या आयुष्यभराच्या कामाचा विषय. इंडियन एपिलेप्सी असोसिएशन उभारण्यात मुंबईचे डॉ. एडी भरुचा यांच्यासोबत त्यांचा पुढाकार होता. पेशंट शहरात येण्याची वाट न पाहता ते कर्नाटकातल्या येळंदूर भागातील खेड्यांत गेले. तिथे घरोघरी पाहणी करून फेफऱ्याचे रुग्ण शोधले. त्यांना फेनोबार्बिटोन किंवा फेनिटोइन या जुन्या, स्वस्त गोळ्या दिल्या आणि पाच वर्षे पाठपुरावा केला. २००१ साली हा अभ्यास ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. निष्कर्ष साधा होता : महागडी औषधे नसली तरी नियमित गोळीने खेड्यातला माणूस बरा राहू शकतो, आणि झटके थोडे झाले असतानाच उपचार सुरू केले तर गुण जास्त येतो. म्हणजे देवऋषीकडे घालवलेले प्रत्येक वर्ष महागात पडते.

फेफरे म्हणजे मेंदूतील विजेच्या संदेशांचा अचानक उडालेला गोंधळ. तो शाप नाही, संसर्ग नाही, मागल्या जन्मीचे पाप नाही. कारण असते, म्हणून उपायही असतो. हा तर धम्माचाच विचार.

झटका आला की :
• माणसाला कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ कापड ठेवा, गळ्याजवळचे कपडे सैल करा.
• तोंडात चमचा, बोट, पाणी, काहीही घालू नका. हातपाय दाबून धरू नका.
• घड्याळ पाहा. पाच मिनिटांत थांबला नाही, लागोपाठ दुसरा आला किंवा बाई गरोदर असेल तर लगेच दवाखान्यात न्या.

गोळी मनाने बंद करू नका, गरोदरपणातही नाही. डॉक्टरांना विचारूनच बदल करा. योग्य उपचाराने दहापैकी सुमारे सात जणांचे झटके थांबू शकतात.

आता लग्नाचे. हिंदू विवाह कायदा आपल्यालाही लागू आहे. त्यात १९७६ साली फेफऱ्याचे वारंवार झटके हा लग्नातला अडसर म्हणून घातला गेला होता. असोसिएशनने लढा दिला आणि १९९९ च्या दुरुस्तीने तो शब्द काढला गेला. कायद्याने मुलीवरचा डाग पुसला. आता घराने पुसायचा आहे. आजार लपवून लग्न लावू नका. आधी सांगा, गोळी चालू ठेवा, मुलीला शिकू द्या.

पुढच्या रविवारी विहारात वंदनेनंतर हा लेख मोठ्याने वाचा. ऐकणाऱ्यांत फिट लपवणारे एखादे घर नक्की असेल.