घेतानाच परतीची सोय कर

नव्या नोकरीत डेटाबेसचं काम हाती आलंय म्हणतेस, तर पोरी, मावशीच्या चार गोष्टी पदराला गाठ मारून ठेव.

पहिली. कनेक्शन उघडणारी ओळ लिहिलीस की ते बंद करायची सोय लगेच लिही, मधलं काम मागाहून. माझीच फजिती सांगते. एका कार्यालयासाठी अहवालाचं पान लिहिलं होतं. ‘क्लोज’ अगदी शेवटच्या ओळीत, नीटनेटकं. पण वर एक अट होती: महिन्याच्या नोंदी नसतील तर तिथूनच माघारी फिर. रिकामा महिना कुणी उघडला की एक कनेक्शन अडकायचं. दोन-तीन दिवसांत सगळं ठप्प. आम्ही रीस्टार्ट करायचो, गाडी सुरू व्हायची, आणि आम्ही चहाला पळायचो. रीस्टार्टने अडकलेली कनेक्शनं सुटतात, म्हणून चूक सापडतच नव्हती. असे कित्येक आठवडे काढले.

म्हणून बंद करणं भाषेवरच सोपव. जावात 2011 च्या सातव्या आवृत्तीपासून ‘ट्राय-विथ-रिसोर्सेस’ आहे. त्याच्या कंसात उघडलेलं सगळं उलट्या क्रमाने बंद होतं: आधी रिझल्टसेट, मग स्टेटमेंट, शेवटी कनेक्शन. मध्ये एक्सेप्शन आलं तरीही. गोमध्ये ‘डिफर’ आहे, पण तो फंक्शन संपतानाच चालतो. लूपमध्ये लिहिलास तर हजार फेऱ्यांचं उघडलेलं सगळं शेवटपर्यंत उघडं. लूपच्या आतलं काम वेगळ्या फंक्शनमध्ये काढ. आणि पायथनच्या एसक्यूलाइट-थ्रीमध्ये कनेक्शनला ‘विथ’ लावलं म्हणजे ते बंद झालं असं समजू नकोस. ते फक्त कमिट किंवा रोलबॅक करतं, ‘क्लोज’ तुलाच म्हणावं लागतं.

दुसरी. गार्बेज कलेक्टरच्या भरवशावर राहू नकोस. तो मेमरी बघून झाडू हाती घेतो, कनेक्शनं संपत आली हे त्याच्या गावीही नसतं. पोस्टग्रेस मुळात 100 कनेक्शनं देतं, त्यातली 3 सुपरयूजरसाठी राखीव. प्रत्येकामागे सर्व्हरवर एक स्वतंत्र प्रोसेस उभी असते. कनेक्शनं भरली की नव्या माणसाला दारातूनच परत पाठवतात, आणि मेमरी मात्र तेव्हा निम्मी रिकामी असू शकते.

तिसरी. कनेक्शनांचा पूल वापरतेस तेव्हा ‘क्लोज’ म्हणजे तोडणं नव्हे, जागेवर परत ठेवणं. मंगल कार्यालयातली भांडी जशी मोजून घ्यायची आणि मोजून परत द्यायची, तसंच हे. जावातल्या हिकारीसीपीचा पूल मुळात 10 चा. दहाही बाहेर असतील तर अकरावा 30 सेकंद ताटकळतो आणि मग एरर येते. अशा वेळी कुणीतरी म्हणेल, पूल 50 चा करू. गळक्या माठाऐवजी मोठा गळका माठ आणून काय होणार? उलट कर: चाचणीच्या मशीनवर पूल 2 चा ठेव. गळती असेल तर तिसऱ्या क्लिकलाच कळेल. हिकारीत गळती पकडायची सोयही आहे, पण ती मुळात बंद असते. ती चालू केलीस की कनेक्शन कोणत्या ओळीने घेतलं ते लॉगमध्ये दिसतं.

चौथी. ट्रॅन्झॅक्शन उघडी ठेवून दुसऱ्या सर्व्हरच्या उत्तराची वाट बघत बसू नकोस. कुलपं तुझ्या हातात आणि बाकीचे दाराशी. पोस्टग्रेसच्या कनेक्शनांच्या यादीत ‘आयडल इन ट्रॅन्झॅक्शन’ दिसलं की समज, कुणीतरी असंच बसलंय.

आणि कुणाचा कोड तपासायला बसलीस, तर उघडणं किती नि बंद करणं किती ते मोज. हिशोब जुळला तरी उठू नकोस. मधून माघारी फिरायची वाट कुठे आहे ते बघ. माझाही हिशोब जुळतच होता.