ताण

अंबड, जि. जालना

चि. सोनूस,


नणंदेच्या डोहाळजेवणातून तू अर्ध्यातच उठलीस आणि रात्री फोनवर म्हणालीस, "आत्या, मी एवढी वाईट कधी झाले गं? मला तिचा हेवा वाटला." वाटला तर वाटला. तिचं वाईट चिंतलंस का? नाही ना? मग त्याचं ओझं बाळगू नकोस. पुढच्या वेळी पाकीट आधीच पाठवून दे आणि घरी थांब. राग धरणारे चार दिवस धरतील.

तुझ्या सासूबाई म्हणतात, "ताण घेऊ नको, म्हणजे दिवस जातील." मला हसूच आलं. आपल्या बदनापूरच्या मळ्यात तुझे बाबा मोसंबीचं पाणी तोडतात, पानं पिवळी पडून गळेपर्यंत झाडाला ताण देतात, तेव्हा कुठे आंबे बहार फुटतो. झाडाला ताण द्यायचा आणि बाईनं मात्र घ्यायचा नाही! त्यांची माया खरी आहे, पण त्या वाक्यात दोष अलगद तुझ्या पदरात पडतो. तुझ्या पोटात गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बीजकोशाला, नळ्यांना धरून वाढलाय. तू चिंता केलीस म्हणून तो आलेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं बाळंतपणाच्या वयातल्या 10 जणींत 1, म्हणजे सुमारे 19 कोटी बायका-मुलींना एंडोमेट्रिओसिस आहे.

मला हे नाव कुणी सांगितलंच नाही. वर्गात फळ्यावर लिहिताना डोळ्यांपुढे अंधारी यायची. खडू ठेवून मी टेबल धरून उभी राहायची. "सगळ्यांनाच दुखतं," हे उत्तर. मूल झालं नाही, मत्स्योदरी देवीला नवस झाले, आणि पुढे दुसऱ्यांच्या ओट्या भरायला मला कुणी बोलावीनासं झालं. बेचाळिसाव्या वर्षी एका दवाखान्यात पिशवी काढली. कशासाठी, हे मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. 2019 साली बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याच्या प्रकरणावर सरकारनं समिती नेमली. ती बातमी मी तीनदा वाचली. म्हणून सांगते, "काढून टाक, कटकट मिटेल" असं कुणी म्हणालं तर लगेच मान डोलावू नकोस. हा रोग पिशवीच्या बाहेर असतो. ती गेली तरी दुखणं उरू शकतं. तूही माझ्यासारखी न विचारता उठू नकोस. प्रश्न कागदावर लिहून ने.

तुझी खरी कोंडी मला कळते. दुखणं थांबवणारी हार्मोनची गोळी चालू असताना दिवस राहत नाहीत, आणि मुलासाठी ती बंद केली की दर महिन्याला पोट पिळवटतं. आशा आणि वेदना एकाच तारखेला येतात. त्या तारखेला स्वयंपाक करू नकोस, पाहुणे घेऊ नकोस, रडायचं तर रड. आणि काही महिने प्रयत्न थांबवून नुसतं दुखणं शमवावंसं वाटलं तर ती माघार समजू नकोस. फक्त वय आणि बीजांचा साठा बघून किती थांबता येईल, हे डॉक्टरांना आधी विचार. मूल हवं की नको हे बाजूला ठेवलं, तरी तुझ्या दुखण्याला उपचार हवेतच.

जावईबापूंची वीर्यतपासणी अजून झाली नाही म्हणालीस. तुझ्या पोटात दुर्बीण घालून झाली आणि त्यांची साधी तपासणी राहिली? हे मी त्यांना स्वतः बोलेन, तू मधे पडू नकोस.

झोप उडाली, जेवण जाईना, जगून काय करू असं मनात आलं, तर लगेच मला फोन कर, कितीही वाजलेले असोत. मनाच्या डॉक्टरकडे मी सोबत येईन.

रविवारी दोघं या. फाइल आण, मला सगळे रिपोर्ट वाचायचे आहेत. मळ्यातली मोसंबी आली आहेत. तुझ्यासाठी वेगळी काढून ठेवली आहेत.

तुझी,
आत्या