मानेतली गाठ : एक संभाषण

(रिसोड तहसिलीतून निवृत्त झालेले अव्वल कारकून आबासाहेब आणि वाशीमचे एक वयोवृद्ध डॉक्टर)

आबासाहेब : पुतण्याच्या मानेत महिनाभर गाठ आहे, पण ती मुळीच दुखत नाही, मग धास्ती कशाची, डॉक्टरसाहेब?

डॉक्टर : दुखत नाही म्हणूनच लक्ष घालायचे. पायात काटा रुतला म्हणजे जांघेत अवधाण उठते, ते ठणकते आणि जखम भरली की ओसरते. परंतु जी गाठ सेंटिमीटरहून मोठी होऊन आठवडेच्या आठवडे हटत नाही, हाताला कठीण लागते आणि खालच्या मांसाला चिकटल्यामुळे बोटाखाली सरकत नाही, तिच्याविषयी संशय धरणे प्राप्त आहे. डाव्या हासळीच्या वर उगवणारी गाठ तर कित्येकदा पोटातल्या कर्करोगाची असते.

आबासाहेब : म्हणजे चाचपून फैसला होतो?

डॉक्टर : छे! आपल्या मुलखात क्षयाच्या गाठी, ज्यांना जुनी मंडळी गंडमाळा म्हणत, त्याही अशाच न दुखता वाढतात. म्हणून आधी रोग्याला तोंड उघडायला लावावे, कारण खर्रा खाणाऱ्याच्या जबड्याखालील गाठीचे मूळ बहुधा गालाच्या आतल्या व्रणात सापडते. मग बारीक सुई गाठीत मागेपुढे फिरवून निघालेला थेंब काचपट्टीवर पसरतात आणि रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरतात. पेशींची केंद्रके अवाढव्य नि वेडीवाकडी दिसली तर कर्करोगाचा पुरावा मिळतो. क्षयाच्या जंतूंसाठी रंग निराळा, शिवाय सीबीनॅट तपासणी आहेच.

आबासाहेब : सुई टोचल्याने रोग पसरतो म्हणतात.

डॉक्टर : त्या भीतीने लोक महिने दवडतात, आणि ती व्यवहारात निराधार आहे.

आबासाहेब : सुईचा दाखला निर्दोष आला, की मिसल दप्तरदाखल करायची?

डॉक्टर : गाठ कायम असेल तर मुळीच नाही. सुईत सुट्या पेशी येतात, त्यांची मूळची रचना येत नाही. आणि लिम्फोमा, म्हणजे खुद्द ग्रंथीचाच कर्करोग, ओळखायला रचना पाहावी लागते. अशा वेळी अख्खी ग्रंथी काढून फॉर्मॅलिनमध्ये ठेवतात, मेणात बसवून तिचे काही मायक्रॉन जाडीचे काप घेतात. थॉमस हॉजकिनने 1832 साली वर्णिलेल्या रोगात त्या कापांत दोन केंद्रकांच्या थोराड पेशी आढळतात. पुढे प्रतिद्रव्यांच्या साहाय्याने रंगवून रोगाचा नेमका प्रकार ठरवतात. मला खरा राग येतो तो तपासाआधीच स्टेरॉइड देणाऱ्यांचा! गाठ चार दिवस बसते, रोगी खूश होतो आणि मागाहून घेतलेल्या कापांत पुरावाच पुसट झालेला असतो.

आबासाहेब : उद्या त्याला उपाशीपोटी आणू?

डॉक्टर : जेवून येऊ द्या, सुईला उपास लागत नाही. खर्रा खातो का, ते मात्र आजच विचारून ठेवा.