लाल ऑइलचा हिशेब

पोरी, गिअरबॉक्सचं ऑइल स्वतः बदलायचं म्हणतेस, बदल की. माझ्या गॅरेजात पोरं पंधराव्या वर्षी हे काम शिकली, तुला न जमायला काय झालं? पण आधी सांग, बॉक्स कुठला आहे? ‘दोन पेडलं म्हणजे ऑटोमॅटिक’ एवढ्या माहितीवर दुकानात गेलीस, तर समोरचा हाताला लागेल तो डबा देईल. 2014 मध्ये सेलेरिओ आली ती एएमटी. तिच्या पोटात साधाच गिअरबॉक्स असतो, क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम तेवढं यंत्र करतं. तिला हे लाल ऑइल लागतच नाही. सीव्हीटीत पोलादी पट्टा दोन पुल्यांमध्ये आवळून धरलेला असतो, त्याचं ऑइल निराळं. तुझी सिटी 2011 ची, पाच गिअरची, टॉर्क कन्व्हर्टरवाली. तिला पूर्वी झेड-वन घालायचे, आता त्याच्या जागी डीडब्ल्यू-वन. हीच सिटी 2014 नंतरची असती तर सीव्हीटी निघाली असती आणि हे ऑइल तिला चाललं नसतं. नाव एकच, पोट वेगळं. म्हणून गाडीसोबतचं पुस्तक उघड आणि तिथं लिहिलेलं नाव डब्यावरच्या नावाशी अक्षर न् अक्षर ताडून बघ.

एवढं कडक का सांगतो? कारण हे नुसतं वंगण नाही. टॉर्क कन्व्हर्टरमधून इंजिनची ताकद गिअरबॉक्सकडे नेतं ते हेच ऑइल. गिअर बदलताना क्लचच्या चकत्या दाबतं तेही हेच, आणि आतली उष्णताही हेच वाहून नेतं. त्या चकत्यांवर कागदाच्या जातीचं अस्तर असतं. ऑइल फार निसरडं असलं तर चकत्या घसरतात, कमी निसरडं असलं तर गाडी धक्के देते. ही नेमकी पकड साधायला पूर्वी अमेरिकेत स्पर्म देवमाशाचं तेल मिसळत. 1970 च्या दशकात बंदी आली तेव्हा रसायनं शोधावी लागली. आणि लाल रंग निव्वळ ओळखीचा आहे. गाडीखाली डाग पडला तर इंजिनचा की गिअरबॉक्सचा, हे लगेच कळावं म्हणून.

आता कामाचं. तुमच्या सोसायटीचं पार्किंग सपाट आहे, ते चांगलं. मागच्या चाकांना दोन्हीकडून दगड लाव, हँडब्रेक ओढ, पुढून जॅक लाव आणि गाडी स्टँडवर टेकव. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली डोकं घालायचं नाही, दोन मिनिटांच्या कामालासुद्धा नाही. विटा, सिमेंटचे ठोकळे अजिबात नकोत. वजनाखाली ते एकदम फुटतात, आधी कसली चाहूल देत नाहीत. खाली जुने पुठ्ठे अंथर, नाहीतर फरशीवरचा डाग वर्षभर बोलणी खायला लावेल. गाडी आधी दहा मिनिटं फिरवून आण, मग अर्धा तास थांब. कोमट ऑइल सरसर उतरतं, तापलेलं मनगट भाजतं.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो नट ओळखताना. इंजिनच्या ऑइलचा नट आणि गिअरबॉक्सचा नट खालून बघताना एकमेकांपासून फार लांब नसतात. इंजिनच्या नटाला 17 नंबरचा पाना लागतो. गिअरबॉक्सच्या नटाला मधोमध चौकोनी खाच असते. तीन सूतचा रॅचेट सॉकेटशिवाय थेट त्यात बसतो. एका ओळखीच्यांनी त्यांची गाडी कुठेतरी इंजिन ऑइल बदलायला दिली होती. तिथल्या पोरानं चौकोनी खाचेचा नट खोलला, लाल ऑइल सांडलं आणि इंजिनमध्ये आधीच्या ऑइलवर नवं ओतलं. गिअरबॉक्स निम्मा रिकामा, इंजिन डोक्यापर्यंत भरलेलं. गाडी माझ्याकडे आली तेव्हा पुढं सरकायलाही तयार नव्हती. म्हणून पहिला थेंब पडला की बोटावर घे. लाल किंवा विटकरी असेल तर पुढं जा. काळा असेल तर नट लगेच बंद कर, तू चुकीच्या जागी आहेस.

नटाला हात लावायच्या आधी वरची गिअरबॉक्सची डिपस्टिक काढून बघ. नवं ऑइल तिच्याच भोकातून जाणार आहे. ती अडकलेली असेल तर आजचं काम आजच थांबव.

खाली टब ठेव आणि ऑइल पूर्ण उतरू दे. घाई नको, शेवटी थेंब थेंब येतो तोही येऊ दे. तोवर नट हातात घेऊन नीट बघ. त्याच्या टोकाला लोहचुंबक असतं. त्यावर काजळासारखा मऊ काळसर लेप दिसेल. बोटांत चोळलास तर खरखर लागणार नाही. तो चकत्यांचा आणि दात्यांचा रोजचा झिजलेला भाग, त्याची काळजी नको. पण बोटाला टोचणारे कण, नखाएवढ्या चकाकत्या पापड्या मिळाल्या तर ऑइल बदलून काही सुधारणार नाही, बॉक्स उघडावा लागेल. मग ऑइलचा वास घे. करपल्याचा वास आला तर चकत्या जळाल्यात. आणि रंग सोलकढीसारखा गुलाबी-दुधट दिसला तर पाणी शिरलंय. रेडिएटरच्या पोटातल्या कुलरला आतून भोक पडलं की असं होतं. पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यात गाडी घातली तरीही होतं. तापलेला बॉक्स एकदम गार होतो आणि हवा घ्यायच्या नळीतून पाणी ओढून घेतो. असा रंग दिसला तर गाडी चालवूच नकोस, मला फोन कर.

नट पुसून, नवा ॲल्युमिनियमचा वॉशर घालून बसव. आधी हातानं फिरव, आटे सरळ धरलेत याची खात्री होऊ दे; बॉक्सचं अंग ॲल्युमिनियमचं आहे, वाकडे आटे गेले तर दुरुस्ती फार महागात जाते. शेवटी टॉर्क रेंच 49 न्यूटन मीटरला लाव. रेंच नसेल तर कुणाचा तरी माग, पाईप घालून ताकद लावू नकोस.

आता मापाचं. टबातलं ऑइल एक लिटरच्या रिकाम्या बाटल्यांत भरून मोज. अडीच लिटरच्या आसपास निघेल. जेवढं निघालं तेवढंच लांब नरसाळ्यानं सावकाश घाल. अंदाजानं ओतायचं नाही. जास्त झालं तर गिअर त्यात घुसळतात, फेस होतो, आणि फेसात दाब धरत नाही. कमी पडलं तर पंप हवा ओढतो आणि चकत्या घसरतात. डिपस्टिक पुसायला कॉटन वेस्ट नको, त्याचे धागे आत गेले तर बारीक वाटा तुंबतात. धागे न सुटणारं कापड घे.

मग गाडी खाली उतरव, सुरू कर, ब्रेक दाबून पी, आर, एन, डी असा गिअर एकेका जागी थोडा वेळ थांबवत फिरव आणि पुन्हा पी वर आण. रेडिएटरचा पंखा लागेपर्यंत इंजिन चालू दे, मग बंद कर. आता घड्याळ बघ. डिपस्टिक 60 सेकंदांनंतर आणि 90 सेकंदांच्या आत बघायची. अर्ध्या तासानं बघितलीस तर खोटा आकडा वाचशील.

एका खेपेत सगळं जुनं ऑइल निघत नाही, बरंचसं टॉर्क कन्व्हर्टरमध्येच राहतं. हिशेबाला निम्मं निघतं असं धर. पहिल्या खेपेनंतर निम्मं जुनं उरतं, दुसरीनंतर पाव, तिसरीनंतर आठवा हिस्सा. म्हणून आठ-दहा दिवस गाडी चालवून पुन्हा बदल, मग आणखी एकदा. मशीन लावून एका दणक्यात सगळं उपसून देतो म्हणणारे भेटतील. इतक्या वर्षांच्या बॉक्सला मी ते कधी करू दिलं नाही. आणि ‘हे ऑइल जन्मभर चालतं’ असं कुणी सांगितलं तर त्याला खंबाटकीचा घाट मे महिन्यात चार माणसं बसवून चढायला सांग. तापतं ते ऑइल थकतंच.

जुनं ऑइल गटारात किंवा झाडाच्या बुंध्याशी ओतायचं नाही. डब्यात भरून ज्या गॅरेजात वापरलेल्या ऑइलचं पिंप असतं तिथं नेऊन दे. मात्र प्रत्येक खेपेचं थोडं थोडं काचेच्या छोट्या बाटलीत ठेव, वर तारीख आणि किलोमीटर लिही. दिवाळीला येईन तेव्हा तिन्ही बाटल्या खिडकीत उजेडाला लावून आपण दोघं बघू.