टक्करीतील संवेगाचा हिशेब

भुसावळ हे मध्य रेल्वेचे मोठे जंक्शन. मुंबईकडून येणारा लोहमार्ग येथे नागपूर आणि इटारसी या दोन दिशांना फुटतो. येथील मालडब्यांचे शंटिंग ज्याने पाहिले आहे, त्या विद्यार्थ्याला संवेगाच्या अक्षय्यतेचा नियम समजावून देणे शिक्षकास सोपे जाते. संथ गतीने येणारा भरलेला डबा उभ्या रिकाम्या डब्यावर आदळतो, कपलिंग अडकते आणि दोन्ही डबे थोड्या कमी वेगाने पुढे सरकतात.

समजा, भरलेला डबा ६० टनांचा असून त्याचा वेग सेकंदाला २ मीटर आहे. रिकामा डबा २० टनांचा आहे. वस्तुमान व वेग यांचा गुणाकार म्हणजे संवेग. टक्करीपूर्वी तो १२० आणि नंतरही १२०. मात्र वस्तुमान आता ८० टन झाल्यामुळे सामाईक वेग दीड मीटर होतो. येथे अनेक विद्यार्थी संवेगाऐवजी गतिज ऊर्जा कायम धरतात व फसतात. ती १,२०,००० ज्यूलवरून ९०,००० ज्यूलवर उतरते. यार्डभर घुमणारा तो खणखणाट काही फुकट होत नाही! आवाज, उष्णता आणि बफरमधील घर्षण यांत ३०,००० ज्यूल खर्ची पडतात.

रस्त्यावर हाच हिशेब गंभीर रूप धारण करतो. रावेर-यावल भागातून केळी घेऊन निघालेला, मालासह ९ टनांचा ट्रक आणि समोरून येणारी १ टनाची मोटार, दोन्ही सेकंदाला १० मीटर वेगाने, एकमेकांवर आदळून अडकली असे मानू. ब्रेक व घर्षण ही बाह्य बले आहेत. परंतु टक्कर क्षणार्धात आटोपत असल्याने तेवढ्या वेळात त्यांचा परिणाम नगण्य असतो. मोटारीची दिशा उलट असल्यामुळे तिचा संवेग ऋण धरावयाचा. ९० वजा १० म्हणजे ८०. त्यास १० टनांनी भागता वेग ८ मीटर. चिन्ह विसरून बेरीज केल्यास उत्तर १० येते, म्हणजे एवढ्या टक्करीनंतर ट्रकचा वेग तसूभरही घटला नाही! असे उत्तर विद्यार्थ्याने स्वतःच खोडावयास हवे.

आघात दोन्ही वाहनांवर सारखाच होतो, पण ट्रकचा वेग केवळ २ मीटरने बदलतो, मोटारीचा १८ मीटरने, म्हणजे ताशी सुमारे ६५ किलोमीटरने. आतील माणसाच्या वाट्यासही तेवढाच बदल येतो. पट्टा बांधलेला असल्यास तो मोटारीचा पुढचा भाग चेपत असेपर्यंत, थोड्या अधिक वेळात घडतो व बल कमी पडते. पट्टा नसल्यास समोरच्या काचेवर, एका फटक्यात.